चित्र कोणाचे? अमेरिकन कॉमिक्सचे स्टुडिओ, किर्लोस्करवाडी आणि मराठी प्रकाशनातील चित्रव्यवस्था

प्रस्तावना

कॉमिक्सच्या इतिहासात नायक आणि प्रकाशक यांची नावे प्रथम पुढे येतात. ती चित्रे कोणत्या व्यवस्थेत तयार झाली आणि चित्र काढणाऱ्याचा त्यांवर काय अधिकार राहिला, हा प्रश्न मात्र मागे पडतो. अमेरिकेत प्रकाशकांना तयार चित्रसाहित्य पुरविणारे स्टुडिओ निर्माण झाले. त्याच सुमारास मराठी प्रकाशनात चित्रांची दोन भिन्न व्यवस्था आकाराला आल्या. त्यांतील एकीचे केंद्र आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे होते. या व्यवस्थांची तुलना करून चित्रकाराच्या नावाचे व हक्काचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील स्टुडिओ

१९३४ च्या सुमारास अमेरिकेत निघालेली कॉमिक्सची पुस्तके प्रामुख्याने वृत्तपत्रांतील चित्रमालिकांचे पुनर्मुद्रण करीत. पुनर्मुद्रणास योग्य असे साहित्य अपुरे पडू लागले, तशी नव्या चित्रकथांची मागणी वाढली. या व्यवसायात उतरणाऱ्या अनेक प्रकाशकांकडे स्वतःचे चित्रकार नव्हते. ही उणीव हॅरी चेस्लर यांचा स्टुडिओ, विल आइस्नर व जेरी आयगर यांनी १९३६ मध्ये सुरू केलेला स्टुडिओ आणि लॉइड जॅकेट यांची १९३९ मधील ‘फनीज इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था यांनी भरून काढली. मार्टिन गुडमन यांच्या ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या १९३९ मधील पहिल्या अंकाचे साहित्य ‘फनीज इन्कॉर्पोरेटेड’नेच पुरविले होते.

या स्टुडिओंत कामाची विभागणी कारखान्यासारखी होती. एकाने कथा लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने आराखडा काढावा, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवावी आणि चौथ्याने संवादांची अक्षरे लिहावीत, अशी ही रीत होती. त्यामुळे काम वेगाने होई. परंतु तयार पृष्ठ कोणा एकाचे राहत नसे. पुष्कळदा त्यावर टोपणनाव असे किंवा नावच नसे. चित्रकाराला मोबदला मिळे, हक्क मात्र सामान्यतः प्रकाशकाकडे जात. स्टुडिओबाहेरही स्थिती वेगळी नव्हती. जेरी सीगल व जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’चे हक्क १३० डॉलरांना दिले. याउलट आइस्नर यांनी १९४० मध्ये ‘द स्पिरिट’ सुरू करताना त्या पात्राची मालकी करारानेच स्वतःकडे राखली. हक्क राखणे अशक्य नव्हते. त्यासाठी आधी करार करणे आवश्यक होते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

किर्लोस्करवाडीची व्यवस्था

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रामकथा चित्रांच्या क्रमाने सांगणारा हा ग्रंथ कॉमिक्स नसला, तरी चित्रकथनाच्या मराठी परंपरेत त्याची नोंद घ्यावी लागते.

या परिसरात १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी लाहोर येथे पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. कारखान्याच्या वार्तापत्रातून विकसित झालेले हे मासिक १९२९ पासून ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले. त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. येथे संपादक स्वतःच चित्रकार होता, आणि छपाईही त्याच गावात होत असे. चित्राची योजना व तिचे मुद्रण एकाच दृष्टीखाली होणे, हे या व्यवस्थेचे बळ होते.

मुंबईतील स्टुडिओ

दुसरी व्यवस्था मुंबईत वाढली. मडगाव येथे जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी स्वतःच्या स्टुडिओंतून अनेक मराठी प्रकाशकांना मुखपृष्ठे व कथाचित्रे पुरविली. बाहेरच्या प्रकाशकासाठी मागणीबरहुकूम काम करणे, एवढ्यापुरते त्यांचे साम्य न्यूयॉर्कच्या स्टुडिओंशी आहे. भेद मात्र मूलभूत आहे. चित्राच्या कोपऱ्यात स्वाक्षरी असे आणि वाचक ती ओळखत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुळगावकरांनी केलेली मुखपृष्ठे वाचकांच्या मनात त्या कथांशीच जोडली गेली. दलाल यांनी तर १९४५ पासून ‘दीपावली’ हा वार्षिक अंक काढला. चित्रांचा पुरवठादार येथे स्वतःच प्रकाशक झाला.

कायद्याची बाजू

नाव आणि मालकी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्वाक्षरी असली म्हणजे स्वामित्व असतेच, असे नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नियतकालिकाच्या नोकरीत असताना त्यासाठी काढलेल्या चित्राचा नियतकालिकांतील प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे जातो. अन्य सर्व बाबतींत तो चित्रकाराचाच असतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगविलेल्या चित्राच्या बाबतीत मात्र, करार नसल्यास, काम सांगणारा हाच प्रथम स्वामी ठरतो. म्हणजे स्वतंत्र व्यवसाय करणारा चित्रकार या बाबतीत पगारी चित्रकारापेक्षाही दुर्बळ ठरू शकतो. कलम ५७ मात्र हक्क हस्तांतरित झाल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे ठेवते. कायदा लागू होण्यापूर्वीच्या चित्रांची मूळ मालकी ठरविताना १९१४ चा जुना कायदा पाहावा लागतो.

निष्कर्ष

अमेरिकन स्टुडिओतील चित्रकाराचे नाव कामाच्या विभागणीत हरवले. मराठी चित्रकाराचे नाव चित्रावर राहिले. ते हरवण्याचा धोका ग्रंथालयात अधिक आहे. ग्रंथसूचीत लेखक, प्रकाशक व वर्ष नोंदविले जाते, मुखपृष्ठकाराची नोंद सहसा होत नाही. नव्याने बांधणी करताना वेष्टन किंवा मुखपृष्ठ काढून टाकले, तर स्वाक्षरीचा पुरावाही नाहीसा होतो. अमेरिकेतील अनामिक पृष्ठांचे कर्ते शोधण्यासाठी अभ्यासकांना पुढे रेषांच्या शैलीवरून तर्क करावे लागले. सातारा व सांगली परिसरातील महाविद्यालयांनी जुन्या मासिकांचे व पुस्तकांचे मुखपृष्ठ जपले आणि सूचीत चित्रकारासाठी एक रकाना वाढविला, तर येथील अभ्यासकांवर ती वेळ येणार नाही.