प्रतिकृती विमान : अपघातानंतरची पुनर्बांधणी

रेडिओ संदेशांच्या साहाय्याने जमिनीवरून नियंत्रित होणारे छोटे विमान कोसळल्यावर त्याचे मोडलेले भाग जोडून अथवा बदलून ते पुन्हा उड्डाणक्षम करणे म्हणजे पुनर्बांधणी होय. आकार पूर्ववत दिसणे हे तिचे गौण उद्दिष्ट असून वजन, समतोल आणि पंख व पुच्छ यांची परस्परांशी असलेली सरळ मांडणी पूर्ववत होणे हे मुख्य उद्दिष्ट असते. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ साली उडविलेले ‘गफ’ हे अशा विमानांच्या आद्य यशस्वी नमुन्यांपैकी असून ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. अतिशय हलक्या बाल्सा लाकडाची बांधणी आजही रूढ असून तिच्याबरोबर फेसाळ प्लॅस्टिकची विमानेही मोठ्या प्रमाणावर वापरतात.

तपासणी : प्रथम अपघाताचे कारण शोधतात. घटमाला उतरणे, रेडिओ संपर्क तुटणे, एलेरॉन उलट दिशेने हलणे किंवा वेग घटून पंखाची उचल नाहीशी होणे ही नेहमीची कारणे होत. कारण न शोधता केलेली दुरुस्ती त्याच अपघाताला पुन्हा वाट करून देते. लाकडाचे सर्व तुकडे गोळा करतात, कारण नव्या भागांसाठी तेच नमुने ठरतात. तुटलेल्या कडांचे तंतू छाटीत नाहीत. ते एकमेकांत बसले म्हणजे मूळ लांबी व कोन आपोआप मिळतात. आच्छादनाखाली दडलेल्या भेगा शोधण्यासाठी पंख हलकेच पिळून पाहतात. दबलेली किंवा फुगलेली लिथियम–पॉलिमर घटमाला काही वेळाने पेट घेऊ शकते. म्हणून ती विमानातून काढून उघड्या जागी दूर ठेवतात आणि पुन्हा वापरीत नाहीत.

जोडकाम : इंधन मुरलेल्या लाकडावर सरस धरत नाही, असा भाग स्वच्छ करतात किंवा कापून टाकतात. पंखाचा भार मुख्यतः स्पार हा आडवा दांडा पेलतो. त्याची टोके सरळ भिडवून न चिकटविता जाडीच्या १० ते १२ पट लांबीचा तिरपा जोड देतात. त्यामुळे चिकटविण्याचे क्षेत्र वाढते व ताण विभागला जातो. एपॉक्सीचा सढळ वापर मात्र हितावह नसतो. त्याने वजन वाढते, शिवाय जोड भोवतालच्या लाकडापेक्षा फार ताठ झाल्यास ताण त्याच्या कडेशी एकवटतो आणि लाकूड पुढे तेथेच मोडते. फेसाळ पॉलिस्टायरीन साध्या सायनोॲक्रिलेट सरसाने विरघळते. त्यासाठी वेगळा सरस लागतो.

वजन व समतोल : बहुतेक सामान्य प्रतिकृतींमध्ये गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या सरासरी रुंदीच्या सु. २५ ते ३३ टक्के अंतरावर असतो. पुच्छाच्या दुरुस्तीत १० ग्रॅ. वजन वाढले आणि ते गुरुत्वमध्यापासून ६० सेंमी. मागे असले, तर समतोलासाठी २० सेंमी. पुढे नाकाशी ३० ग्रॅ. शिसे ठेवावे लागते. म्हणजे १० ग्रॅ.च्या दुरुस्तीने विमान ४० ग्रॅ. जड होते. एकूण वजन १० टक्के वाढल्यास हवेत तरून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सु. ५ टक्के वाढतो आणि उतरणे अवघड होते. म्हणून पुच्छाची दुरुस्ती सर्वांत हलकी ठेवतात.

सरळता व चाचणी : पुच्छाच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरे दोऱ्याने मोजून सारखी करतात. उष्णतेने आकसणारे आच्छादन असमान ताणले गेल्यास पंखाला पीळ पडतो. तो उलट पीळ देऊन व पुन्हा ऊब देऊन काढतात. सर्व्होंचे दंतचक्र दातेमोडीसाठी तपासतात. यानंतर प्रेषकाची शक्ती कमी करून संपर्काचा पल्ला पाहतात आणि प्रत्येक नियंत्रक पृष्ठभाग योग्य दिशेने हलतो, याची खात्री करतात. पहिले उड्डाण वारा शांत असताना, माणसांपासून दूर मोकळ्या मैदानात करतात.

काही किग्रॅ. वजनाचे वेगवान विमान माणसाला गंभीर इजा करू शकते. म्हणून पंखाच्या मुळाशी स्पारचे अनेक तुकडे झाले असल्यास तो पंख जोडण्याऐवजी जुन्या तुकड्यांवरून आकार घेऊन नवा बांधणे इष्ट ठरते.