रुळांची वाट चालायला सोपी का असते?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथून जवळच, मेळघाटच्या जंगलातून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी जायची. २०१७ पासून ती बंद आहे.

चढ शिकवायला हा मार्ग उत्तम. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज पळतं, पण चढावर तितकंच सहज घसरतं. म्हणून रुळांना चढ अगदी थोडा देतात, शंभर मीटरला एखादा मीटर, घाटात दोन-तीन. धुळघाटला तर डोंगर चढायला रुळांनी वळसा घेतलाय आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडलंय! वर्गात मीटरभर लांब गुळगुळीत फळीच्या एका टोकाखाली एक सेंटीमीटर जाडीचं पुस्तक ठेवा. डोळ्यांना चढ जेमतेम दिसतो, पण गोटी घरंगळते.

स्पेनमध्ये ओखोस नेग्रोस खाणीतलं लोहखनिज समुद्राकडे नेणारा जुना रेल्वेमार्ग असाच. रूळ काढून तिथे चालायची नि सायकलची हिरवी वाट केली. आजी-आजोबा, लहान मुलंही दम न लागता चालतात.

मग मेळघाटातही करावी का? मुलं पटकन ‘हो’ म्हणतात. तेव्हा त्यांना सांगा, की हा व्याघ्रप्रकल्प आहे. वाघांसाठीच ब्रॉडगेज जंगलाबाहेरून, आपल्या जिल्ह्यातल्या सोनाळा-जामोद भागातून नेण्याचा पर्याय पुढे आला. माझं मत विचाराल तर तिथली वाट जनावरांनाच राहू द्यावी. पण मुलांना आपसात वाद घालू द्या, लगेच उत्तर देऊ नका.