मुक्या जिवांचा परलोक

साताऱ्याच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली नावाचे जे पुरातन क्षेत्र आहे, तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या सान्निध्यात एका कुत्र्याचीही समाधी आहे. त्या कुत्र्याचे नाव खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा प्राण वाचवला, आणि महाराजांनी त्याचे उपकार नुसत्या कौतुकावर न भागवता एखाद्या मातबर सरदाराचे फेडावेत तसे फेडले. त्याच्या नावे सनद करून जहागीर नेमून दिली आणि पालखीचा सरंजाम लावून दिला, अशी हकिकत ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद आहे. डफला तो राजाचा विक्षिप्तपणा वाटला. परंतु जहागीर आणि पालखी हा हयातीतला मान झाला. समाधीची गोष्ट वेगळी आहे. ज्याचे मागे काहीच उरले नाही अशी खात्री असते, त्याची समाधी कोणी बांधत नाही. जो जीव वेद जाणत नाही, व्रत करत नाही, पाप म्हणजे काय हेही ज्याला ठाऊक नाही, त्याला मरणानंतर काही गती आहे काय, हा प्रश्न त्या लहानशा समाधीपाशी उभा राहतो, आणि आपल्या धर्मग्रंथांनी त्याची दिलेली उत्तरे वाटतात तितकी एकमुखी नाहीत.

पशूला आत्मा आहे की नाही, याविषयी आपल्याकडे फारसा वाद नव्हताच. चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरणारा जीव एकच, आणि आजचा मनुष्य उद्या मुंगीच्या देहात असू शकेल, हे गृहीत धरूनच पुढचा सगळा विचार झाला. अडचण होती ती पुढे. शास्त्रकारांनी मनुष्यदेहाला कर्मयोनी आणि पशुदेहाला भोगयोनी ठरवले. म्हणजे मनुष्याने नवे पुण्य-पाप जोडावे आणि पशूने मागील कर्माची बाकी फेडावी. वाघाने हरीण मारले तरी त्याच्या खाती पाप पडत नाही, आणि गाईने जन्मभर दूध दिले तरी तिच्या खाती पुण्य जमा होत नाही. हा हिशेब न्यायाला धरून असला तरी फार कठोर आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो की, मालकाच्या उशाशी अन्न-पाणी सोडून प्राण देणारा कुत्रा जे करतो, त्याचे त्याला काहीच श्रेय नाही. सिद्धान्त म्हणून हे मांडणे सोपे होते. परंतु त्याच परंपरेतील कथाकारांच्या मनाला ते कधी पटले असावे, असे त्यांच्या कथा वाचताना वाटत नाही.

महाभारत घ्या. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञभूमीवर एका निरपराध कुत्र्याला राजाचे भाऊ मारतात, आणि त्याची आई सरमा, जी देवांची कुत्री, ती भर सत्रात येऊन, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नसता त्याला का मारलेत, असा जाब विचारते. आणि उत्तर न मिळाल्यावर, तुम्हांवर अकल्पित संकट येईल, असा शाप देते. एवढ्या अफाट ग्रंथाच्या प्रवेशद्वारीच एका जनावराची फिर्याद दाखल झालेली आहे. आणि शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, पुन्हा एक कुत्रा येतो. हस्तिनापुरापासून तो पांडवांच्या मागे चालत असतो. द्रौपदी पडते, चौघे भाऊ एकामागून एक पडतात, तो मात्र चालत राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि धर्मराजास सांगतो की, कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, त्यांच्या यज्ञदानाचे पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात, तेव्हा याला येथेच सोड. भावांना आणि पत्नीला मागे टाकून आलेला तो राजा या ठिकाणी मात्र अडून बसतो. भक्ताचा त्याग आणि ब्रह्महत्या यांना तो एकाच तागडीत घालतो. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता असे निष्पन्न होते आणि कथा मंगल होते. मला मात्र या ठिकाणी दरवेळी हळहळ वाटते. कारण कुत्रा जर धर्मच होता, तर खऱ्याखुऱ्या, खरूज भरलेल्या, भुकेल्या कुत्र्याला इंद्राने रथात घेतले असते की नाही, हा प्रश्न व्यासांनी तसाच ठेवला. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : युधिष्ठिराने त्याला धर्म समजून नव्हे, कुत्रा समजूनच सोडले नाही.

गजेंद्राच्या कथेतही अशीच एक पळवाट आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात मगरीने पाय धरलेला हत्ती विष्णूचा धावा करतो आणि त्याचा पार्षद होऊन वैकुंठास जातो; परंतु हा हत्ती पूर्वजन्मी इंद्रद्युम्न नावाचा पांड्य देशाचा राजा होता, अगस्त्यांच्या शापाने हत्ती झाला, हा खुलासा लगेच जोडलेला आहे. जटायूची गोष्ट त्याहून सरस. दशरथाच्या चितेला अग्नी देणे ज्याच्या नशिबी नव्हते, त्या रामाने या गिधाडाची चिता स्वहस्ते रचली, गोदावरीवर जाऊन त्याला उदक दिले, आणि यज्ञ करणारे, अग्निहोत्र पाळणारे, रणातून माघार न घेणारे व भूमिदान करणारे जेथे जातात तेथे तू जा, अशी त्याला अनुज्ञा दिली. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद हे त्या प्रसंगाचे स्थान म्हणून आपल्या लोकांनी मानले आहे. प्रेताला शिवलेला पक्षी म्हणून ज्याचा विटाळ मानावा, त्याच्यासाठी पुत्राने करावयाचे संस्कार झाले, ही गोष्ट लहान नाही.

जैनांनी हा विषय जितक्या बारकाईने हाताळला, तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. त्यांच्या चार गतींत तिर्यंच ही एक गती, आणि मन असलेल्या पंचेंद्रिय पशूला त्याच देहात सम्यक् दर्शन होऊ शकते, तो श्रावकाची अंशतः व्रतेही घेऊ शकतो, असे त्यांचे मत आहे. मोक्ष मात्र मनुष्यदेहातूनच. पशूला स्वर्गापर्यंत वाट मोकळी. ज्ञाताधर्मकथा या आगमात राजगृहाच्या नंद मणियाराची कथा येते. त्याने लोकांसाठी सुंदर पुष्करिणी बांधली, तिच्यावर त्याचा जीव जडला, आणि मरून तो तिच्यातच बेडूक झाला. काठावर आलेली माणसे बांधणाऱ्याची वाखाणणी करताना ऐकून त्याला पूर्वजन्म आठवला, आणि त्याने बेडकाच्या देहात पुन्हा व्रते धरली. महावीर नगरात आले हे कळताच तो उड्या मारीत दर्शनाला निघाला. वाटेत श्रेणिक राजाच्या लवाजम्यातील घोड्याच्या टापेखाली चिरडला गेला. कसाबसा रस्त्याच्या कडेला सरकला, मनोमन व्रते उच्चारली आणि देवलोकी जन्मला. येथेही पूर्वजन्मीचा मनुष्य आहेच. परंतु स्वर्ग त्याने मिळवला तो बेडूक असताना, बेडकाच्या प्रयत्नाने.

मुंबईत या विचाराची एका वेगळ्या परंपरेशी गाठ पडलेली आहे. पारशी धर्मात मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडणे, म्हणजे सगदीद, हा अंत्यसंस्काराचा भाग. चिन्वत पुलावर, जेथे आत्म्याचा निवाडा होतो, तेथे कुत्रे राखण करतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमाचे दोन चतुरक्ष श्वान आणि हे कुत्रे एकाच प्राचीन कल्पनेतून आलेले दिसतात. वेंदीदादच्या तेराव्या प्रकरणात तर, म्हातारा होऊन मेलेल्या कुत्र्याचा आत्मा कोठे जातो, असा प्रश्नच सरळ विचारलेला आहे, आणि उत्तर असे आहे की, तो जलाच्या उगमाकडे जातो, व तेथे हजार कुत्रे आणि हजार कुत्र्या यांच्यापासून पाणमांजरांची एक जोडी निर्माण होते. १८३२ साली सरकारी हुकमाने मुंबईत भटकी कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा जो दंगा उसळला, त्यात पारशी अग्रभागी होते. आणि दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली.

इतर धर्मांतही मत एक नाही. कुराणात पशुपक्षी हे मनुष्यांसारखेच समुदाय असून तेही आपल्या प्रभूपुढे एकत्र केले जातील, असे सांगितले आहे. ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास पशूचा आत्मा देहाबरोबर नाश पावतो असे मानतो, तर अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने प्राण्यांच्याही उद्धाराची ग्वाही देणारे प्रवचन लिहिले.

आपल्या मातीतले उत्तर मात्र मला जुन्नर तालुक्यातील आळे या गावी सापडते. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले, त्याने आळंदीच्या वाटेवर येथे देह ठेवला आणि भावंडांनी त्याला येथेच समाधी दिली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्या समाधीपुढे लोक हात जोडतात ते एका रेड्यापुढे. ज्या जनावरावर यम बसतो, पखाली वाहता वाहता ज्याची पाठ सोलून निघते, आणि मंदबुद्धीच्या माणसाला ज्याचे नाव घेऊन शिवी देतात, त्या जनावराला वारकऱ्यांनी संतांच्या पंगतीला बसवले. त्याने पूर्वी कोणते तप केले होते याची चौकशी वारकऱ्याला करावीशी वाटत नाही. ज्ञानोबांचा हात त्याच्या मस्तकावर पडला, एवढा दाखला त्याला पुरतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गजेंद्राचा दृष्टान्त आहे, तेथेही शापित राजाची कथा गाळलेली आहे. देवाला हाक मारली आणि देव भेटला, तेव्हा पशुपणच व्यर्थ ठरले, एवढेच ज्ञानदेव सांगतात. पात्रतेचा प्रश्न येथे कर्माच्या खतावणीतून निघून नात्यात आला. मला हे उत्तर शास्त्राच्या उत्तराहून अधिक खरे वाटते, कारण बैल मेल्यावर त्याला आपल्याच शेतात पुरून त्याचा दहावा करणारा शेतकरी ज्या भावनेने ते करतो, तिला भोगयोनीच्या सिद्धान्तात जागाच नाही.

वृक्षवेलींची गणतीही राहून गेलेली नाही. शांतिपर्वात भरद्वाज भृगूंना शंका विचारतो की, झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग त्यांत जीव कसा? भृगू एकेक इंद्रिय घेऊन उत्तर देतात : मेघगर्जनेने फुले-फळे गळतात, म्हणून झाड ऐकते, वेल आधार शोधीत त्याला विळखा घालते, म्हणून ती पाहते, धुपाच्या वासाने रोगट झाड बरे होते, म्हणून त्याला गंध कळतो, मुळांनी ते पाणी पिते, उन्हाने कोमेजते, आणि छाटले की पुन्हा फुटते, सुखदुःख भोगते, म्हणून त्यात जीव आहे. इतका जीव मानल्यावर त्याच्या पुढच्या वाटेची सोय करणे ओघाने आले. गयेला आपले लोक श्राद्धास जातात तेव्हा आई-बाप, आजे-पणजे, गुरू, सोयरे अशी नावागोत्रांची यादी संपल्यावरही पिंड संपत नाहीत. जे पशुयोनीत गेले, जे पक्षी, कीटक, सर्प झाले, जे झाड होऊन कोठेतरी उभे आहेत, त्यांच्याकरिता भातपिठाचा एक पिंड वेगळा ठेवला जातो, आणि त्यावर तीळ-पाणी सोडताना भटजी यजमानाला कोणाचेही नाव विचारीत नाहीत.