श्वास सोडील तो तग धरील

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. धावत आलेल्या माणसाला दम लागतो. उतावळ्याला आपण ‘जरा दम धर’ म्हणतो. थकलेला मनुष्य झाडाखाली बसून दम खातो, आणि ज्याच्या अंगी खरे बळ आहे त्याच्याविषयी ‘गड्यात दम आहे’ असे म्हटले जाते. श्वास, धीर, विश्रांती आणि सामर्थ्य या चारही गोष्टींसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरला, तो उगाच नव्हे. तालमीच्या तांबड्या मातीत या चारही गोष्टी खरोखरच एक होतात.

आपल्या बेटावर गावोगावी मातीचा हौदा नाही. पण ज्युदोचा पांढरा पोशाख पिशवीत घालून संध्याकाळी क्लबात जाणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. रॉड्रिग्जची ख्रिस्तियान लजांती २०१२ साली लंडनच्या आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी मॉरिशसतर्फे उतरली, तेव्हापासून मुलींनाही या खेळाचे आकर्षण वाटते. कुस्ती असो की ज्युदो, अंगाला अंग भिडवून खेळण्याच्या या खेळात नवशिक्याची तक्रार एकच असते : ‘दोन मिनिटांतच दम गेला, हात उचलेनात.’ घरच्यांना वाटते, पोराची ताकद कमी पडली; दूध-अंडी वाढवा. पुष्कळदा ताकद कमी नसते. श्वास अडलेला असतो.

असे का होते ते समजून घेतले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याने कॉलर धरली किंवा पट काढायला हात घातला, की नवशिका दात-ओठ आवळतो आणि नकळत श्वास कोंडून धरतो. क्षणभर श्वास कोंडणे वाईट नाही. त्याने पोट घट्ट होते, कण्याला आधार मिळतो, वजन उचलायला बळ येते. पण तोच श्वास दहा-पंधरा सेकंद कोंडला, तर रक्तदाब चढतो, छातीकडे परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. ‘आता श्वास घे’ असा तगादा मेंदूकडून येतो तो मुख्यतः या साठलेल्या वायूमुळे. मग पोरगा धापा टाकू लागतो आणि धापेमुळे आणखी घाबरतो.

धाप आणि श्वास यांत केवढा फरक आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. मोठ्या माणसाच्या नाकापासून फुप्फुसांच्या आतील वायुकोशांपर्यंतच्या नळ्यांत सुमारे १५० मिलिलिटर हवा मावते. या हवेतला प्राणवायू रक्ताला मिळत नाही. ती नुसती ये-जा करते. आता मिनिटाला ३० वेळा, दर वेळी २०० मिलिलिटर असा उथळ श्वास घेतला, तर ६ लिटर हवा आत गेली. पण कामी आली फक्त दीड लिटर. तीच ६ लिटर हवा ५०० मिलिलिटरच्या १२ श्वासांत घेतली, तर ४.२ लिटर कामी येते. हवा तेवढीच, लाभ जवळजवळ तिप्पट! झुंजीत अर्थात याच्या कितीतरी पट हवा लागते आणि श्वासही जलद होतो. पण नियम बदलत नाही. उथळ धापेपेक्षा खोल श्वास स्वस्त पडतो.

आणि खोल श्वासाची किल्ली श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. जुनी हवा पूर्ण बाहेर गेल्याशिवाय नवीनला जागा कोठून मिळणार? म्हणून जाणता पैलवान डाव मारताना ‘हूं’ करून श्वास सोडतो, आणि जोर लावून झाला की तोंड मिटून नाकाने घेतो. आपल्या मनगटावर बोट ठेवून पाहा : श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. लांब सोडलेला श्वास काळजालाही ‘दमाने घे’ असे सांगतो.

याचे मोल कळण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांची आठवण काढावी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत, ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने स्वतःच्या बळावर मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत त्यांची जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ आणि दमछाक करणारी लढत झाली. हा इशी आधी ज्युदो शिकलेला होता. सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवशी खेळायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सर्वजण सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले.

पदकाचा रंग बदलला असता की नाही, कोण सांगणार? पण अर्ध्या तासाचा दम ही काय वस्तू आहे, हे यावरून समजते. आज तर तेवढी उसंतही उरलेली नाही. ऑलिंपिक कुस्ती ३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये विश्रांती फक्त ३० सेकंदांची. मोठ्यांची ज्युदोची लढत ४ मिनिटांची. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळ चालूच. त्या ३० सेकंदांत जो आपला श्वास ताब्यात आणील, तोच दुसऱ्या फेरीत ताठ उभा राहील.

हे शिकता येते, आणि त्याला खर्च काही नाही. पहिला पाठ असा : पाठीवर निजावे, पोटावर एक जाडसे पुस्तक ठेवावे. नाकाने श्वास घेताना पुस्तक वर आले पाहिजे, छाती फार हलता कामा नये. चार आकडे मोजत घ्यावा, सहा ते आठ मोजत सोडावा. रोज दहा मिनिटे पुरेत. प्राणायाम करणाऱ्या आजी-आजोबांना यात नवे काही वाटणार नाही. नातवंडांना शेजारी बसवून त्यांनीच हे शिकवावे.

दुसरा पाठ बैठकांचा. खाली जाताना श्वास घ्यावा, उठताना सोडावा, आणि तोंड मिटलेले ठेवावे. नाकाने भागेनासे झाले म्हणजे वेग कमी करावा. संख्या वाढवण्याची घाई नको. पुढे हाच ताल खेळात उतरतो : ओढताना सोड, ढकलताना सोड, पडताना सोड.

तिसरा पाठ सर्वांत अवघड, कारण तो भीतीशी लढण्याचा आहे. जोडीदाराने छातीवर भार टाकला की नवशिक्याला गुदमरल्यासारखे वाटते आणि तो हातपाय झाडू लागतो. अशा वेळी छाती दबलेली असली तरी पोट व बरगड्यांच्या बाजू थोड्या फुगू शकतात. अंग किंचित कुशीवर वळवून जागा करावी आणि लहान-लहान श्वास घेत, प्रत्येक श्वास सावकाश सोडावा. सुरुवातीला जोडीदाराने अर्धाच भार द्यावा, वीस सेकंद ठेवून उठावे, मग हळूहळू वेळ वाढवावा. हे नेहमी प्रशिक्षकाच्या नजरेखालीच करावे. आठवड्या-दोन आठवड्यांत मुलाच्या चेहऱ्यावरची भीती उतरू लागते, आणि भीती उतरली की वाया जाणारे बळही वाचते.

आता पालकांसाठी दोन-तीन सूचना. गळ्याला फास बसतो तेव्हा मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. तेथे कसलाही श्वासाभ्यास उपयोगी पडत नाही. हाताने थाप मारून हार मान्य करणे हीच शहाणपणाची गोष्ट आहे, आणि त्यात लाज मुळीच नाही. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे आपल्या बेटाच्या मुलांसाठी : श्वास कोंडण्याची शर्यत समुद्रात किंवा तलावात कधीही लावू नये. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले, तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग श्वास घेण्याचा तगादा उशिरा येतो. त्याआधीच प्राणवायू संपून पोहणारा पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत. लगूनचे पाणी कितीही शांत आणि उथळ दिसले, तरी हा धोका तेथेही आहे. ‘दम’ कमवायचा तो जमिनीवर, उघड्या हवेत.

खरे म्हणजे आपल्या घरांना ही विद्या अगदीच परकी नाही. गणपतीच्या दिवसांत पायाचा ठेका न चुकवता, फेर धरून, रात्री उशिरापर्यंत झाकरी गाणारी मंडळी पाहा. नाचतानाही त्यांचे कडवे तुटत नाही. कारण गाणे म्हणजे लांबवलेला श्वासच, आणि पुढचा श्वास कोठे घ्यायचा हे त्यांना ठेक्यावरून ठाऊक असते. कोकणातून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी हे कोणत्या पुस्तकातून शिकले नव्हते.

तेव्हा पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी क्लबातून हिरमुसून आली आणि ‘दम पुरत नाही’ म्हणाली, तर ताटात आणखी एक अंडे वाढण्याआधी तिला शेजारी बसवा. एक हात तिच्या पोटावर ठेवा आणि सांगा : बाळ, आधी श्वास सोड.