घडीची ट्रेडमिल : खोक्यावरचे आकडे आणि घरातले आकडे

रोज अर्धा तास भरभर चाला, हा सल्ला आज बहुतेक घरांत पोहोचला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. तेव्हा हा सल्ला वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही.

अडचण आहे ती चालायचे कोठे आणि केव्हा, ही. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन भाजू लागते. पावसाळ्यात धानाच्या बांध्या तुडुंब भरतात आणि गावाबाहेरचा रस्ता चिखलाचा होतो. सकाळची शाळा, संध्याकाळी अंधारात भरधाव जाणारे ट्रक, आणि स्त्रियांना एकटीने चालण्याची वाटणारी धास्ती हेही आहेच. म्हणून घडीची ट्रेडमिल घेऊ का, असे शिक्षक मित्र आम्हाला अलीकडे वरचेवर विचारतात. वीस-तीस हजार रुपयांचा हा प्रश्न आहे, आणि चुकीचे यंत्र घेतले तर त्यावर कपडे वाळत पडतात हे सर्वांनी पाहिले आहे. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर माध्यमिक शाळेच्या भौतिकशास्त्रात दडलेले आहे.

पट्ट्यावर चालणे म्हणजे खरे चालणे का?

या यंत्राचा पूर्वज तुरुंगात जन्मला. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचे मोठे फिरते चाक तयार केले. विसाव्या शतकात हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी करण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे डॉक्टर जिला टीएमटी म्हणतात ती हीच.

‘पट्टाच पाय मागे नेतो, मग आपल्याला श्रम कसले?’ अशी शंका विद्यार्थी हमखास काढतात. भंडारा रोड स्थानक सोडून एकसारख्या वेगाने निघालेल्या विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यात आपण चालतो, तेव्हा चालण्याचे श्रम फलाटावरच्याइतकेच पडतात. एकसमान वेगाने सरकणाऱ्या पृष्ठभागावर गतीचे नियम बदलत नाहीत, हे गॅलिलिओचे म्हणणे येथेही लागू आहे. पट्ट्याच्या दृष्टीने आपण पुढे चालतच असतो.

फरक उरतो तो हवेचा. बाहेर आपण हवा कापत जातो, यंत्रावर जागीच असतो. धावताना हा फरक जाणवतो. १९९६ साली जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी दाखवले, की पट्ट्याला १ टक्का चढ दिला तर धावण्याचा ऊर्जाखर्च मैदानावरच्यासारखा होतो. चालताना मात्र हवेचा विरोध नगण्य असतो. पण हवेचे दुसरे एक काम नगण्य नाही. ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याच्या अंगावर सेकंदाला १.४ मीटर वेगाचा वारा येतो आणि घाम सुकतो. यंत्रावर हा वारा नसतो. म्हणून आपल्याकडे ट्रेडमिलच्या खर्चात समोरच्या पंख्याचा खर्च धरलाच पाहिजे. बंद खोलीत कुलर लावला तर हवेतील दमटपणा वाढून घाम सुकणे मंदावते. खिडकी उघडी हवी.

अश्वशक्तीचे गौडबंगाल

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मोटारीचा असतो : ३ अश्वशक्ती, ४ अश्वशक्ती. मोटारीला प्रत्यक्ष काम किती करावे लागते ते पाहू.

आपल्या वजनाने पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो. त्या दोहोंतील घर्षणावर मात करून पट्टा सरकवणे, हे मोटारीचे मुख्य काम. समजा वजन ७० किलोग्रॅम आहे, म्हणजे फळीवरचा दाब सुमारे ६८६ न्यूटन. वंगण दिलेल्या पट्ट्याचा घर्षण गुणांक ०.२ धरू. घर्षणबल झाले १३७ न्यूटन. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.३९ मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, ती आली सुमारे १९० वॅट. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा हे काम पाव अश्वशक्तीचे झाले!

पाऊल आदळताना घर्षण क्षणभर वाढते, वंगण सुकते, मोटारीतही ऊर्जा वाया जाते. हे सर्व धरले तरी भरभर चालण्यासाठी सलग दीड अश्वशक्ती देणारी मोटार पुरेशी होते. येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा कमाल, म्हणजे क्षणभर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ४ अश्वशक्ती म्हणजे २९८४ वॅट. २३० व्होल्टला त्यासाठी १३ अँपिअर प्रवाह लागेल. घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅटचा. यंत्रामागच्या पाटीवर किती वॅट किंवा अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. पाटीवर १००० वॅट असतील, तर तेवढ्या विजेतून सलग ४ अश्वशक्ती कोणत्याही कारागिरीने निघणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेला सवलत नसते.

याच हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, वीजबिलाची भीती फोल आहे. हानी धरून ३०० वॅट मानले, तर रोज अर्ध्या तासाला महिन्याकाठी साडेचार युनिट होतात. दुसरी, वंगणाचे मोल मोठे आहे. फळी कोरडी पडून घर्षण गुणांक दुप्पट झाला, तर मोटारीवरचा भारही दुप्पट होतो. उन्हाळ्यातील धूळ हे काम लवकर करते. म्हणून पट्ट्याखाली सिलिकॉन तेल कसे व किती दिवसांनी घालायचे, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे.

उन्हाळी धानाच्या पंपांमुळे विजेचा दाब उतरतो तेव्हा तेवढ्याच शक्तीसाठी जास्त प्रवाह लागतो, तारा आणि नियंत्रक तापतात. अशा वेळी यंत्र न चालवणे बरे. प्लगला चांगले अर्थिंग हवेच. कोरड्या हवेत घासणाऱ्या पट्ट्यावर स्थितिक विद्युतभारही साचतो.

पट्टा किती लांब?

हा आकडा घरच्या फरशीवर मिळतो. पाय ओले करून नेहमीच्या भरभर चालीने दहा पावले चालावे. एका टाचेच्या ठशापासून पुढच्या टाचेच्या ठशापर्यंतचे अंतर मोजून सरासरी काढावी. समजा ते ६८ सेंटीमीटर आले. त्यात पावलाची लांबी २५ मिळवली की झाले ९३. माणूस पट्ट्यावर किंचित पुढेमागे सरकत राहतो, त्यासाठी आणखी २० ते २५ धरावेत. म्हणजे ११५ सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा चालण्यासाठी हवा. उंच माणसाला किंवा धावणाऱ्याला याहून लांब लागेल. पट्टा आखूड असला की माणूस नकळत पाऊल आखडतो आणि दांडी धरून चालतो. दांडीवर भार टाकला की तेवढे श्रम कमी होतात, पडद्यावरचा आकडा मात्र तसाच वाढत राहतो.

वजनाची मर्यादाही अशीच तपासावी. चालताना पाऊल जमिनीवर वजनाच्या सव्वापट, तर धावताना दुपटीहून अधिक बल देते. आपले वजन ८५ किलोग्रॅम असेल तर ९० ची मर्यादा असलेले यंत्र घेऊ नये, वीस-पंचवीस किलोंची मोकळीक ठेवावी.

घडी कशाची होते आणि कशाची होत नाही

घडीमुळे जागा वाचते ती यंत्र बंद असताना. चालू असताना यंत्र आपली पूर्ण लांबी, साधारण दीड मीटर, व्यापतेच. शिवाय तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून मागे सुमारे दोन मीटर मोकळे हवेत. बेरीज साडेतीन मीटर झाली. दहा बाय दहाच्या खोलीची लांबी तीन मीटर पाच सेंटीमीटर! दुकानात घडी घातलेले यंत्र पाहून घेतलेला निर्णय येथे फसतो. आधी घरात खडूने चौकोन आखावा. मागे भिंत किंवा पलंग येत असेल तर जागा बदलावी, नाहीतर बेत सोडावा.

घडी उचलणे हा तरफेचा प्रश्न आहे. फळीचे वजन ३० किलोग्रॅम असेल आणि टेकू एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाशी सुरुवातीला १५ किलोंइतके बल लावावे लागते. चांगल्या यंत्रात बिजागरीजवळचा दट्ट्या यातील काही भार घेतो आणि खाली येताना फळी सावकाश उतरवतो. हे दुकानात स्वतः दोनदा करून पाहावे, घरातील वडीलधाऱ्यांनाही करायला लावावे. उभ्या फळीचा गुरुत्वमध्य उंच असतो, म्हणून खटका पक्का बसला पाहिजे.

घरात लहान मूल असेल तर जपून. २०२१ साली अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर एका मोठ्या कंपनीला आपली यंत्रे बाजारातून परत घ्यावी लागली. कपड्याला अडकवायची दोरीची किल्ली ओढताच पट्टा थांबतो की नाही, ही खरेदीतील पहिली परीक्षा. वापर संपला की ती किल्ली मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

कमी पैशांत जास्त श्रम

मोठ्या वेगासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा चढ मिळतो का ते पाहावे. हाताने बदलायचा असला तरी चालेल. ताशी ५ किलोमीटरने सपाट चालण्यापेक्षा ५ टक्के चढावर त्याच वेगाने चालताना शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. गुडघे धडधाकट असतील तर धावण्याची गरज नाही. पडद्यावरच्या कॅलरी अंदाजाच्या असतात. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागणे हे मध्यम श्रमाचे भरवशाचे माप. छातीत दुखत असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर पाच आकडे लिहावेत : खोलीची लांबी, आपले पाऊल, घरातील सर्वांत जड माणसाचे वजन, प्लगचे अँपिअर, आणि दुरुस्ती करणारा किती किलोमीटरवर आहे ते. शेवटचा आकडा लाखांदूर किंवा पवनीच्या वाचकाने विशेष जपून लिहावा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा कागद वर्गात तयार करायला देता येईल. बल, शक्ती, तरफ आणि घर्षण हे चारही धडे त्यात येतात. आकडे जुळले नाहीत तरी नुकसान नाही. शाळेच्या पटांगणाला एक फेरी किती मीटरची होते ते मुलांकडून मोजून घ्यावे. थंडीचे चार महिने तेथे चालायला काहीच पडत नाही.