कोपऱ्यावरचा पकडवीर

वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्यातल्या शालेय कबड्डी सामन्याला जा. चढाईला निघालेल्या पोराच्या नावाने कल्ला होतो, टाळ्या त्याला, फोटोही त्याचाच. पण सामना हातातून निसटायला लागला की मास्तरांची हाक जाते कोपऱ्यावरच्या गड्याला: ‘अरे, धर त्याला!’ गुण आणतो चढाईपटू. तो आणलेला गुण राखायचं काम कोपऱ्याचं. या खेळातल्या सगळ्यात अवघड कामाचं कौतुक सगळ्यात कमी होतं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या पहिल्या रांगेत उभा राहणारा खेळाडू याच जातकुळीचा. चेंडू त्याच्या हाती क्वचितच लागतो. समोरची भिंत फोडायची आणि चेंडू फेकणाऱ्याला जमिनीवर आणायचं, हे त्याचं काम. लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड २०१४ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आला. त्या जागेच्या मानाने तो बुटका गणला गेला होता. तरी वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याने तीनदा मिळवला, २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला आणि दहा हंगाम खेळून मार्च २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. त्याचं वजन सव्वाशे किलोच्या पुढे. आपल्या कबड्डीत पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा आहे. म्हणजे आपल्या गड्याला नुसत्या वजनावर काम भागवता येत नाही, त्याला वेळच साधावी लागते.

ही वेळ कशी साधतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात अवघे पावणेदोन मीटर. कोपरारक्षकाचा संसार एवढ्याच पट्ट्यात. सहा किंवा सात गडी मैदानात असले की चढाईपटू बोनससाठी पाय आत टाकतो. डावा कोपरारक्षक तेव्हा त्याच्या हाताकडे बघत नाही, तोंडाकडे तर नाहीच. डोळे कमरेवर आणि पुढच्या पायावर. पाय टेकला, अंगाचा भार त्यावर आला, की तेवढ्या क्षणात खाली झेपावून दोन्ही हातांनी घोटा धरायचा, हनुवटी आत घ्यायची, खांदा त्याच्या नडगीला भिडवायचा. पाय हवेत असताना हात घातला तर तो झटकून निघून जातो आणि गुण त्याला मिळतो. टेकून मागे सरकायला लागल्यावर घातला, तरी तेच. आणि घोटा मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. शेजारचा मध्यरक्षक वाट अडवायला पोहोचला नाही, तर कसलेला चढाईपटू कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. म्हणून दोघांनी हातात हात धरून केलेल्या साखळीतला हात सोडायचा कधी, हे त्यांना न बोलता कळावं लागतं. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना अशी पकड झाली तर ती अव्वल पकड, एक गुण जास्तीचा.

महाराष्ट्रात ही कला ज्याच्या खेळात नीट पाहायला मिळाली तो कल्याणचा गिरीश इर्नाक. डावा कोपरा ही त्याची जागा. प्रो कबड्डीत तो पुणेरी पलटण, गुजरात, बंगाल अशा संघांकडून खेळला. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. अकरा वर्षांनी ते महाराष्ट्राकडे आलं होतं.

त्याच वर्षी तो जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेला. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत तिथे उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला. इराणचा डावा कोपरा होता फझल अत्राचली. तो २०१५ च्या विजेत्या यू मुम्बा संघातला, म्हणजे इथल्याच मॅटवर घासूनपुसून तयार झालेला, आणि २०१८ च्या लिलावात एक कोटीला गेलेला. तो पराभव मला आजही बोचतो, कारण तो चढायांइतकाच पकडींनी घडवला होता. पुढे पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. तोही इराणचा, तोही डाव्या कोपऱ्याचा. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. पकडीची किंमत बाजाराला कळायला एवढा काळ लागला.

किंमत शरीरही मोजतं. बोटांना पट्ट्या, सुजलेले गुडघे, खांद्याचं जुनं दुखणं, हे कोपऱ्याच्या गड्याचं नेहमीचं. मातीत अनवाणी खेळून तयार झालेला गडी मॅटवर आला की आणखी एक अडचण: बुटातला पाय मॅटला घट्ट पकडतो, चढाईपटू एका जागी जोरात वळतो, आणि मातीत बसणारी घोटापकड तिथे अर्ध्या क्षणाने चुकते. हा अर्धा क्षण सरावानेच भरून निघतो.

वाशिमच्या मुलांची अडचण नेमकी या सरावात आहे, पुढे जायच्या वाटेत नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. शालेय स्पर्धेची वाट तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग अशी जाते. आणि अमरावती काही साधं गाव नाही. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी प्रेक्षकांना कबड्डी दाखवली होती. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघही महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, त्यामुळे इथल्या मुलाला मुंबई-पुण्याच्या गड्यांशी जागेसाठी झगडावं लागत नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. सोयाबीनच्या चार एकरांवर घर चालवणाऱ्या बापाला हे गणित लगेच कळतं.

अडतं ते शिकवण्यात. सातवी-आठवीतल्या मुलांत जो चपळ, त्याला चढाईला पाठवतात आणि जो अंगाने जड, त्याला कोपऱ्यात उभा करतात. जड मुलगा कोपऱ्यावर हळू पडतो आणि हळू पडणारा घोटा चुकवतो. माझं म्हणणं उलट आहे: वर्गातलं सगळ्यात सावध, धीर धरणारं पोर निवडा, त्याला आधी पडायला शिकवा, मग बसायला, मग धरायला. त्याचा मध्यरक्षक दर वर्षी बदलू नका. आणि जिल्हा पातळीच्या प्रत्येक सामन्यात उत्कृष्ट चढाईपटूइतकंच बक्षीस उत्कृष्ट पकडीलाही ठेवा.