पाती एका रेषेत आली की मगच उड्डाण

कागल पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला रनआउट समजावून सांगावा लागत नाही. डायल लावला, काटा हलला, म्हणजे शाफ्ट वाकलाय. बॅटरीवरचं आरसी हेलिकॉप्टर ट्यून करायला हीच नजर लागते. पुष्कळ नवशिके आधी गायरोच्या, म्हणजे शेपटी स्थिर धरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या, सेटिंगला हात घालतात आणि तिथंच फसतात. आधी मेकॅनिकल, मग इलेक्ट्रॉनिक. वाकलेल्या शाफ्टची थरथर गायरो घालवू शकत नाही.

उदाहरणाला 450 आकाराचं मॉडेल घेऊ : 325 मिलिमीटरची पाती, 3 सेलची 2200 एमएएच लिपो बॅटरी. टेबलावर सेटिंग करताना मोटरच्या तारा सोडवून ठेवा, पाती अचानक फिरली तर बोट जाईल. पिनियन आणि मोठ्या गिअरच्या दातांतून कागदाची पट्टी फिरवून काढा. घड्या उमटल्या पण पट्टी फाटली नाही, तर मेश बरोबर. मग रोटर हेडला धरून मॉडेल उचला. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे सरकवा.

आता जागा. वसाहतीतल्या रस्त्यांवर ट्रकची ये-जा आणि डोक्यावर विजेच्या तारा, तिथं उडवू नका. मालकाला विचारून मोकळं माळरान गाठा, सकाळी वारा पडलेला असताना. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगी लागते. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आधी आपली जागा बघा.

खरी परीक्षा ट्रॅकिंगची, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरण्याची. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगांची टेप लावा. पाच-सहा मीटर लांब उभं राहून, मॉडेल जमिनीवरून जेमतेम सुटेल इतका वेग द्या आणि फिरती चकती कडेनं बघा. एकच बारीक रेघ दिसली तर उत्तम. दोन रेघा दिसल्या तर वरच्या रेघेचा रंग ओळखा, मोटर थांबवा आणि त्या पात्याचा पिच लिंकची एक फेरी फिरवून कमी करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. ट्रॅकिंग जुळूनही शेपटीचे पंख थरथरत असतील, तर पात्यांचा तोल आणि दोन्ही पाती धरणारा फेदरिंग शाफ्ट तपासा.

हॉवर दीड मीटरवर करा. त्याखाली जमिनीवरून परतणारी हवा मॉडेलला हेलकावते आणि खोटं चित्र दिसतं. वरून बघता रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल तर मॉडेल किंचित उजवीकडे कललेलं राहतं. शेपटीच्या रोटरचा रेटा डावीकडे असतो, त्याला ते उत्तर आहे. हा दोष नव्हे, ट्रिमनं मोडू नका. शेपटी भराभर डुलत असेल तर गायरोचा गेन थोडा थोडा कमी करा. सुस्त वाटली तर वाढवा.

पहिला टायमर 4 मिनिटांचा लावा. उतरल्यावर मोटर आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीला हात लावा. हात टेकवत नसेल तर तिथंच थांबा आणि कारण शोधा. चार्जरनं 1400 एमएएच भरले, तर मिनिटाला 350 खर्च झाले. बॅटरीचा 80 टक्के भाग, म्हणजे 1760, एवढाच वापरायचा. तेव्हा पुढचा टायमर 5 मिनिटांचा लावा, त्याहून जास्त नको.